पाच वर्षांचे भाकीत

घरातल्या कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न रुग्णासमोर विचारला जातो : हे बरे होईल ना? दुसरा बहुधा रुग्ण खोलीबाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून : किती दिवस आहेत? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत ‘फलानुमान’ असा भारदस्त शब्द आहे. आपण त्याला साधेपणाने ‘भाकीत’ म्हणू.

भाकीत म्हटले की आपल्याला एकीकडे ज्योतिषी आठवतो आणि दुसरीकडे हवामान खाते. रोगाचे भाकीत या दोघांपैकी कोणाच्या जवळचे आहे? डॉक्टर ‘शंभरातले सत्तर जण पाच वर्षांनी जिवंत असतात’ असे म्हणतात, तेव्हा हा आकडा येतो कुठून? तो किती पक्का असतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो बदलता येतो का? गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगाचे उदाहरण घेऊन या प्रश्नांची उत्तरे शोधू.

हेच उदाहरण घेण्याची कारणे दोन. एक, या रोगाचे भाकीत कसे घडत गेले याचा सुमारे शंभर वर्षांचा सलग इतिहास उपलब्ध आहे. दुसरे, शरीराच्या या भागाविषयी बोलायला आपल्याला लाज वाटते, आणि त्या लाजेची किंमत अनेक रुग्ण मोजतात.

नळी आणि तिची भिंत

तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा पचनमार्ग ही एक लांबलचक नळीच आहे. तिचा शेवटचा सुमारे बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. या नळीची भिंत एकसंध नसते. तिच्यात थर असतात. सर्वांत आत मऊ, ओलसर श्लेष्मल पटल असते. त्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांनी भरलेला सैल थर असतो. त्याच्या बाहेर स्नायूंचा जाड थर असतो. नळी आवळण्या-सैलावण्याचे काम तो करतो. गुदाशयाच्या बाबतीत या स्नायूंच्याही बाहेर चरबीचे एक आवरण असते. या चरबीत वाटाण्याहून लहान अशा लसिका ग्रंथी विखुरलेल्या असतात आणि त्याभोवती एक पातळ पापुद्रा असतो. हे आवरण लक्षात ठेवू. पुढे त्याला फार महत्त्व येणार आहे.

कर्करोग सुरू होतो तो जवळजवळ नेहमी आतल्या पटलात. या पटलाच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. इतक्या वेगाने पेशी बनत असताना एखादीच्या जनुकांत चुका साठत जातात, आणि तिच्यापासून एक छोटा कोंब वाढतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काही थोडे मात्र साधारण दहा वर्षांच्या कालावधीत कर्करोगात बदलतात. मग ती गाठ बाहेरच्या दिशेने भिंत पोखरू लागते. भिंतीतल्या लसिकावाहिन्यांतून तिच्या पेशी लसिका ग्रंथींत जातात, तर रक्तवाहिन्यांतून दूर जातात. आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून दूरच्या गाठी बहुतेक वेळा यकृतात आढळतात. गुदाशयाच्या खालच्या भागातले काही रक्त मात्र यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे आणि तिथून फुफ्फुसांत जाते. म्हणून या रोगात फुफ्फुसेही तपासावी लागतात.

म्हणजे रोगाचा प्रवास ढोबळमानाने ठरलेल्या वाटेने होतो. प्रवासी कोणत्या स्थानकावर पोचला आहे हे कळले, तर पुढचा अंदाज बांधता येईल. हे वाक्य आज सोपे वाटते. ते आकड्यांनिशी सिद्ध करायला मात्र एका माणसाला कित्येक वर्षे काढलेल्या आतड्यांचे तुकडे तपासावे लागले.

ड्यूक्स यांची तीन अक्षरे

लंडनमध्ये सेंट मार्क्स नावाचे एक रुग्णालय आहे. गुदाशयाच्या रोगांनी पिडलेल्या गरिबांसाठी फ्रेडरिक सामन या शस्त्रवैद्याने ते १८३५ साली सुरू केले. (कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या भगंदरावर १८४१ साली याच सामन यांनी शस्त्रक्रिया केली होती.) या रुग्णालयात १९२२ साली कथबर्ट ड्यूक्स हे विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. विकृतिशास्त्रज्ञाचा रुग्णाशी सहसा थेट संबंध येत नाही. शस्त्रवैद्याने काढलेला भाग त्याच्या टेबलावर येतो आणि त्याचे काम तिथे सुरू होते.

ड्यूक्स यांनी प्रत्येक नमुन्यात दोन गोष्टी पाहिल्या. गाठ भिंतीत किती खोल गेली आहे? आणि भोवतालच्या चरबीतल्या लसिका ग्रंथींत कर्कपेशी आहेत का? त्यासाठी चरबीतल्या ग्रंथी एकेक वेचून सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्या लागत. अशा २१५ नमुन्यांच्या आधारे त्यांनी १९३२ साली एक वर्गीकरण मांडले. त्यात इंग्रजी वर्णमालेची पहिली तीन अक्षरे होती. ‘ए’ म्हणजे गाठ भिंतीच्या आतच आहे. ‘बी’ म्हणजे ती भिंत ओलांडून बाहेर गेली आहे, पण लसिका ग्रंथी स्वच्छ आहेत. ‘सी’ म्हणजे ग्रंथींतही रोग पोचला आहे.

हे वर्गीकरण कोणालाही पाठ करता येईल इतके सोपे होते. पण सोपे असणे पुरेसे नसते. त्या अक्षरांवरून रुग्णाचे पुढे काय होते ते सांगता आले पाहिजे. त्यासाठी रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो, आणि सेंट मार्क्समध्ये तो झाला. ड्यूक्स आणि त्यांचे सहकारी बसी यांनी १९५८ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. वयोमानानुसार इतर कारणांनी होणारे मृत्यू बाजूला काढल्यावर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण असे होते :

‘ए’ गटात ९७.७ टक्के,
‘बी’ गटात ७७.६ टक्के,
‘सी’ गटात ३२ टक्के.

एकाच रोगाचे नाव, एकच शस्त्रक्रिया, आणि तरीही एवढा फरक. ‘गुदाशयाचा कर्करोग झाला, आता संपले’ असे सरसकट म्हणणे किती चुकीचे आहे, ते या तीन आकड्यांवरून दिसते. रोग भिंतीत असताना सापडला तर बहुतेक सगळे वाचत होते, आणि तेही आजची औषधे आणि आजची यंत्रे नसताना.

पुढे या वर्गीकरणात भर पडत गेली. दूरच्या अवयवांत रोग पोचलेल्यांसाठी इतरांनी ‘डी’ हा गट जोडला. आज जगभर ‘टी-एन-एम’ ही पद्धत वापरतात. फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी १९४० च्या दशकात ती सुचवली. ‘टी’ म्हणजे गाठीची खोली, ‘एन’ म्हणजे लसिका ग्रंथी आणि ‘एम’ म्हणजे दूरवरचा प्रसार. पण नीट पाहिले तर ड्यूक्स यांनी विचारलेले दोन प्रश्नच तिथे पहिल्या दोन जागांवर आहेत.

एका माणसाला ७७ टक्के कसे लागू होतात?

आता एक अवघड गोष्ट. ‘बी’ गटातल्या एखाद्या रुग्णाला ‘तुमचे ७७ टक्के’ असे सांगितले, तर त्याने काय समजायचे? तो स्वतः पाच वर्षांनी ७७ टक्के जिवंत आणि २३ टक्के मृत असणार नाही. तो एक तर असेल किंवा नसेल.

टक्केवारी हा गटाचा गुणधर्म आहे, व्यक्तीचा नाही. एखाद्या शाळेचा दहावीचा निकाल ७७ टक्के लागतो म्हणून अमुक विद्यार्थी पास होईल की नाही, हे आपण सांगू शकत नाही. पण त्याची सहामाहीची उत्तरपत्रिका पाहिली, गणिताची वही पाहिली, तर आपला अंदाज सुधारतो. याचा अर्थ आपण त्याला मोठ्या गटातून काढून लहान, जास्त एकसारख्या गटात घालतो. रोगाच्या भाकिताचे संशोधन म्हणजे मुख्यतः हेच : रुग्णांचे असे गट पाडायचे, की एका गटातल्या सगळ्यांचे भवितव्य शक्य तितके सारखे असेल. गट जितके नेमके, तितके भाकीत उपयोगाचे. तरीही ते शेवटपर्यंत गटाचेच राहते.

म्हणूनच हे भाकीत ज्योतिषापेक्षा हवामान खात्याच्या जवळचे आहे. ‘उद्या पावसाची शक्यता ७० टक्के’ असे सांगितलेल्या शंभर दिवसांपैकी साधारण सत्तर दिवशी पाऊस पडला, तर अंदाज बरोबर. एका दिवसावरून त्याला खरे किंवा खोटे ठरवता येत नाही.

‘पाच वर्षे’ या मुदतीविषयीही गैरसमज असतो. रुग्ण पाच वर्षेच जगेल असा तिचा अर्थ नाही. या रोगात जे उलटून यायचे असते ते बहुतांशी पहिल्या पाच वर्षांत येते, त्यामुळे ती मोजणीसाठी सोयीची मुदत ठरली आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे काही न होता गेली असतील, तर त्या रुग्णाचे आजचे भाकीत पहिल्या दिवसापेक्षा नक्कीच चांगले असते.

तुकड्यांचा घोटाळा

आकडे सुधारले म्हणजे रुग्ण अधिक जगू लागले, असे समजण्याची घाई मात्र करू नये. वर्गात करून पाहता येईल असे एक गणित देतो.

एका शाळेत दोन तुकड्या आहेत. हुशार तुकडीतल्या चौघांचे गुण ९०, ८०, ७० आणि ५०. सरासरी ७२.५. दुसऱ्या तुकडीतल्या तिघांचे गुण ४०, ३० आणि २०. सरासरी ३०. आता पन्नास गुणांच्या विद्यार्थ्याला पहिल्या तुकडीतून दुसरीत पाठवले. पहिल्या तुकडीची सरासरी झाली ८०. दुसऱ्या तुकडीत आता ५०, ४०, ३० आणि २० आहेत. तिची सरासरी झाली ३५. दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढली! पण एकाही मुलाचा एक गुणही वाढलेला नाही.

कर्करोगात नेमके हेच होऊ शकते. विकृतिशास्त्रज्ञाने पाचच लसिका ग्रंथी तपासल्या आणि त्या स्वच्छ निघाल्या, तर रुग्ण ‘बी’ गटात जातो. दुसऱ्या ठिकाणी पंधरा तपासल्या आणि अकरावीत रोग सापडला, तर तसाच रुग्ण ‘सी’ गटात जातो. ‘बी’ गटातले सर्वांत वाईट रुग्ण असे बाहेर पडल्याने ‘बी’चा आकडा सुधारतो. ‘सी’ गटात तुलनेने बरे रुग्ण आल्याने ‘सी’चाही सुधारतो. एकूण मृत्यू तेवढेच. अमेरिकेतले संशोधक अल्व्हान फाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या आकड्यांत हा घोटाळा दाखवून दिला. तेव्हापासून दोन काळांतले किंवा दोन रुग्णालयांतले आकडे ताडून पाहताना आधी विचारावे लागते, की तुकड्या पाडण्याची पद्धत एकच होती ना? आतड्याच्या कर्करोगात निदान बारा लसिका ग्रंथी तपासाव्यात असा आज सर्वमान्य दंडक आहे. तो तपासणी पुरी व्हावी म्हणून आहे, आणि आकडे तुलना करण्याजोगे राहावेत म्हणूनही आहे.

शेंग अखंड काढा

आतापर्यंत आपण असे बोलत आलो की भाकीत रोगाच्या अवस्थेवर ठरते. पण त्यात उपचार करणाऱ्याच्या हाताचाही भाग असतो, हे सिद्ध व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट माइल्स यांनी आपल्याच रुग्णांचा हिशेब मांडला. खालच्या बाजूने गुदाशय काढलेल्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांत रोग उलटला होता. माइल्स यांनी १९०८ साली पोटातून आणि खालून अशी दुहेरी शस्त्रक्रिया मांडली. तीत गुदद्वारासह सगळा भाग काढून पोटावर कायमचा मलमार्ग करावा लागे. पुढे ड्यूक्स यांच्या नमुन्यांवरून दिसले, की लसिका ग्रंथींतला प्रसार मुख्यतः वरच्या दिशेने होतो, खाली क्वचितच. त्यामुळे वरच्या भागातल्या गाठींसाठी गुदद्वार राखता येईल, असे म्हणायला आधार मिळाला. प्रयोगशाळेतल्या मोजणीने अनेकांची पोटावरची पिशवी टळली.

तरीही एक प्रश्न उरला. शस्त्रक्रिया नीट झाली असे वाटूनही अनेक ठिकाणी शंभरातल्या वीस-तीस जणांत रोग ओटीपोटात त्याच जागी पुन्हा उगवत असे. ही पुनरावृत्ती फार वेदनादायक असते. तिचे कारण रोगाचा स्वभाव, असे मानले जाई.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावच्या रुग्णालयातले शस्त्रवैद्य बिल हील्ड यांनी १९८२ साली वेगळे उत्तर दिले. गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण आपण आधी पाहिले. शस्त्रवैद्य ओटीपोटाच्या अरुंद पोकळीत हात घालून गुदाशय अंदाजाने सोडवत, तेव्हा हे आवरण फाटे आणि त्याचे तुकडे, त्यातल्या कर्कपेशींसह, मागे राहत. हील्ड यांचे म्हणणे असे, की वाटाण्याचे दाणे सोलून काढू नका, शेंगच अखंड काढा. आवरणाच्या बाहेरच्या पापुद्र्याला धरून, डोळ्यांनी पाहत, धारदार हत्याराने सगळा भाग एकसंध सोडवा.

हील्ड यांच्या म्हणण्याला दुजोरा आला तो पुन्हा विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावरून. लीड्सचे फिलिप क्वर्क आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या भागाचे आडवे काप घेतले. आपण काकडीच्या चकत्या करतो तसे. मग गाठीपासून बाहेरच्या कापलेल्या कडेपर्यंतचे अंतर पाहिले. ५२ पैकी १४ रुग्णांत कर्कपेशी थेट या कडेपर्यंत पोचलेल्या होत्या, आणि या १४ पैकी १२ जणांत रोग पुढे ओटीपोटात उलटला. हा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला. नमुने थोडे होते, पण अर्थ स्पष्ट होता. जो रोग ‘उलटला’ असे आपण म्हणत होतो, तो बऱ्याच वेळा मुळात पूर्ण निघालेलाच नव्हता.

यानंतर युरोपातल्या अनेक देशांत शस्त्रवैद्यांना ही पद्धत मुद्दाम शिकवण्यात आली. नेदरलँड्समध्ये १८०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली आले. नव्या पद्धतीने शस्त्रक्रिया केल्यावर दोन वर्षांत जागच्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण ८.२ टक्के होते. शस्त्रक्रियेआधी पाच दिवसांचे किरणोपचार दिलेल्या गटात ते २.४ टक्क्यांवर आले. दोन्ही गटांत दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र जवळजवळ सारखेच, सुमारे ८२ टक्के होते. जागचा रोग आवरला तरी दूर गेलेला रोग आवरला जातोच असे नाही. म्हणून ‘उपचाराचा उपयोग झाला का’ असे विचारताना कशासाठी उपयोग, हेही विचारावे लागते.

इथे भाकिताविषयीची एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. ग्रहणाचे भाकीत केल्याने ग्रहण बदलत नाही. रोगाचे भाकीत मात्र काळजीपूर्वक केले, त्यातले अपयश कुठे होते हे शोधले, की ते भाकीतच बदलते.

मुद्रितशोधक रजेवर गेला तर

सेंट मार्क्समध्येच आणखी एक धागा सुरू झाला होता. तिथले शस्त्रवैद्य लॉकहार्ट-ममरी यांनी १९२५ साली अशी तीन कुटुंबे नोंदवली, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या आतड्यात शेकडो पॉलिप होत आणि तरुणपणीच कर्करोग होई. त्याला जबाबदार असलेले ‘एपीसी’ हे जनुक १९९१ साली सापडले. गंमत अशी, की आनुवंशिक नसलेल्या नेहमीच्या आतड्याच्या कर्करोगातही बहुतेक वेळा पहिला बिघाड याच जनुकात होतो. दुर्मिळ कुटुंबांच्या अभ्यासाने सर्वांच्या रोगाची पहिली पायरी दाखवली. बाल्टिमोरच्या फिअरन आणि व्होगलस्टाइन यांनी १९९० साली या पायऱ्यांची साखळीच मांडली : एकामागून एक जनुके बिघडत जातात आणि साध्या पॉलिपचा कर्करोग होतो.

दुसऱ्या काही कुटुंबांत वेगळाच बिघाड असतो. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा अक्षरांच्या चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिने पेशीत असतात. त्यांना आपण छापखान्यातले मुद्रितशोधक म्हणू. जन्मतःच या मुद्रितशोधकांपैकी एकाचे जनुक सदोष असेल, तर आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग लवकरच्या वयात होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतले अल्फ्रेड वॉर्थिन यांनी असे एक कुटुंब १९१३ साली नोंदवले होते. पुढे हेन्री लिंच यांनी अशा कुटुंबांचा चिकाटीने अभ्यास केला, म्हणून या विकाराला लिंच यांचे नाव मिळाले.

ज्या गाठींत मुद्रितशोधक नसतो, त्यांत हजारो चुका साठतात. अशी गाठ जास्त घातक असेल असे वाटते. पण सुरुवातीच्या अवस्थांत या रुग्णांचे भाकीत उलट चांगले असते. कारण चुका इतक्या, की गाठीची प्रथिने शरीराला परकी वाटू लागतात आणि रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात. गाठ या पेशींना एक प्रकारचा ब्रेक लावून थोपवून धरते. हा ब्रेक काढणारी औषधे आता आहेत. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेतील संशोधकांनी अशा गुदाशयाच्या कर्करोगात डोस्टारलिमॅब हे औषध सहा महिने दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या बाराही रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली. २०२५ पर्यंत ही संख्या ४९ झाली, आणि त्या सर्वांत हाच परिणाम दिसला. कोणालाही त्या वेळी शस्त्रक्रिया करावी लागली नाही.

वृत्तपत्रांनी तेव्हा ‘कर्करोगावर रामबाण’ असे मथळे दिले. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे मुद्रितशोधक हरवलेले रुग्ण साधारण पाच ते दहाच असतात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. औषधही अतिशय महाग आहे. पण ज्यांच्यात ते लागू पडते, त्यांच्यासाठी एका तपासणीने सारे भाकीत बदलते.

उरलेल्यांपैकी काहींसाठीही आशा आहे. ब्राझीलच्या साओ पाउलोतील शस्त्रवैद्य अँजेलिता हाब्र-गामा यांच्या लक्षात आले, की किरणोपचार आणि औषधे दिल्यावर काही रुग्णांत गाठ पूर्ण विरघळते. मग शस्त्रक्रिया कशासाठी? २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या ७१ जणांवर शस्त्रक्रिया न करता केवळ कडक नजर ठेवली होती, आणि पाच वर्षांनी त्यांचे जगण्याचे प्रमाण शंभर टक्के होते. सुरुवातीला यावर बरीच टीका झाली. आज निवडक रुग्णांसाठी ‘पाहा आणि थांबा’ हा मार्ग अनेक मोठी रुग्णालये वापरतात. तो रुग्णाच्या नियमित तपासणीवर अवलंबून आहे. तपासणीला येणे ज्याला जमणार नाही, त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे.

आपल्याकडे काय दिसते?

भारतात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. वयोमानाचा फरक काढून टाकल्यावर आपल्याकडे दर वर्षी लाखात चार-पाच जणांना तो होतो, तर अनेक पाश्चात्त्य देशांत पंचवीस ते चाळीस जणांना. हे आकडे मिळतात ते लोकसंख्येवर आधारित नोंदवह्यांमुळे. मुंबईत अशी नोंदवही १९६३ साली सुरू झाली आणि ग्रामीण भागासाठी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असते. यावरून भारतीयांना हा रोग लवकर होतो असा निष्कर्ष काढण्याआधी जरा थांबावे. आपल्या लोकसंख्येतच तरुण जास्त आहेत. त्यामुळे कोणत्याही रोगाच्या रुग्णांचे सरासरी वय आपल्याकडे कमीच येणार. हाही एक तुकड्यांचाच प्रकार. पण व्यवहारात एक गोष्ट पक्की : ‘अजून चाळीशीच आहे, कर्करोग कसा असेल’ असे म्हणून चालणार नाही.

आणि इथे तो लाजेचा मुद्दा येतो. शौचावाटे रक्त जाऊ लागले की घरात एकच निदान असते, मूळव्याध. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण ते तपासून ठरवायला हवे. मग सुरू होतात घरगुती औषधे, कोणी सांगितलेला लेप, भिंतीवरच्या जाहिरातीतला ‘विनाशस्त्रक्रिया इलाज’. यात महिने जातात. रोग याच महिन्यांत भिंत ओलांडतो. ड्यूक्स यांच्या अक्षरांत सांगायचे तर ‘ए’चा ‘बी’ आणि ‘बी’चा ‘सी’ होतो. ९७ आणि ३२ यांतले अंतर आठवून पाहावे.

खालच्या गुदाशयातली गाठ बऱ्याच वेळा डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटालाही लागते. या तपासणीला यंत्र लागत नाही, एक-दोन मिनिटे लागतात. ती रुग्णाला नको असते आणि कधीकधी डॉक्टरही टाळतात.

म्हणून पुढील लक्षणे माहीत असावीत : शौचातून रक्त किंवा आव जाणे, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदललेली असणे, जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे सतत वाटणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रक्त कमी होणे. यातले काही असले म्हणजे कर्करोगच, असे अजिबात नाही. पण यातले काही तीन-चार आठवडे टिकले, तर तपासून घ्यायला हवे. कुटुंबात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग पन्नाशीच्या आत कोणाला झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

लक्षणे नसतानाच सर्वांची तपासणी केली तर? अमेरिकेतील मिनेसोटात सुमारे ४६,५०० लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली आले. दर वर्षी शौचातील न दिसणारे रक्त तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू तेरा वर्षांत ३३ टक्क्यांनी कमी होते. हा आकडा मोठा वाटतो. तोच असाही सांगता येतो : हजारात सुमारे नऊ मृत्यूंऐवजी सहा. दोन्ही विधाने खरी आहेत. जिथे रोगच विरळ आहे तिथे वाचणाऱ्यांची संख्या याहून कमी असणार, म्हणून प्रत्येक देशाला आपला हिशेब वेगळा मांडावा लागतो. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. तेव्हा आपल्याकडे लक्षणे ओळखून वेळेत जाणे हाच मुख्य उपाय राहतो.

पचनसंस्थेचा धडा आपल्या शाळांत सहसा लहान आतड्यातल्या शोषणापाशी रेंगाळतो आणि मोठ्या आतड्यावरून दोन ओळींत पुढे जातो. गुदाशय हा शब्द आला की वर्गात खसखस पिकते. शिक्षकांनी तिथे थोडे थांबावे. त्या नळीची भिंत फळ्यावर काढावी, तिचे थर दाखवावेत, तुकड्यांचे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. आणि शौचातून रक्त जाणे ही लाजेची नव्हे, डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे, हे एक वाक्य सर्दी-तापाविषयी बोलावे तितक्या सहजपणे सांगावे. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एखादे ते वाक्य घरी नेईल. तिथे कोणी वडील, आजी किंवा मामा गेले चार महिने मूळव्याधीचे औषध घेत असण्याची शक्यता आहे.